गीत कोणाचे? इंदीवर यांच्या कारकीर्दीचा धडा

झाशीच्या जुन्या तटाला जे दरवाजे आहेत, त्यांपैकी दतियाच्या वाटेवरचा दरवाजा लोकांच्या बोलण्यात ‘दतिया गेट’ म्हणून ओळखला जातो. मराठी वाचकाला झाशीचा हा तट परिचित आहे तो मुख्यतः विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकामुळे. चार पैसे दक्षिणा मिळवावी एवढ्याच हेतूने वरसईहून उत्तरेकडे गेलेला हा गरीब भिक्षुक १८५८ च्या वेढ्यात तटाच्या आत सापडला, आणि इंग्रज फौजांनी शहरात केलेली कत्तल व लूट त्याने प्रत्यक्ष पाहिली. त्या तोफा थंडावून दीडशेहून अधिक वर्षे लोटली. आता लग्नसराईत झाशीच्या रस्त्यांवरून वराती निघतात आणि बँडवाले हिंदी चित्रपटांतील गाणी वाजवतात. त्यांतले एखादे गाणे याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका कवीचे असण्याचा पुष्कळ संभव असतो. वरातीत नाचणाऱ्यांना पडद्यावरच्या नटाचे नाव ठाऊक असते, गायकाचेही बहुधा ठाऊक असते. गीतकाराचे नाव सांगणारा मात्र विरळा.

त्या कवीचे नाव श्यामलाल बाबू राय. झाशी शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, तलावाकाठी वसलेल्या बरुआ सागर या गावी १९२४ मध्ये त्यांचा जन्म झाला. ‘इंदीवर’ म्हणजे निळे कमळ. हे नाव घेऊन ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले, पन्नास वर्षे लिहीत राहिले, आणि २७ फेब्रुवारी १९९७ रोजी मुंबईतच निधन पावले. त्यांच्या कारकीर्दीकडे एका माणसाच्या यशापयशाची कहाणी म्हणून पाहण्याची पद्धत आहे. वास्तविक त्या कारकीर्दीतून याहून मोठा प्रश्न पुढे येतो. कोट्यवधींच्या ओठांवर असलेल्या गीताचा मालक कोण, आणि त्या मालकीचा आधार कोणता, हा तो प्रश्न होय.

कवी ते कंत्राटी कारागीर

‘डबल फेस’ या १९४६ च्या चित्रपटापासून इंदीवर यांच्या चित्रपटलेखनाला आरंभ झाला. खरी ओळख मिळाली ती १९५१ च्या ‘मल्हार’ने. गायक मुकेश यांनी निर्मिलेल्या या चित्रपटाचे संगीतकार रोशन होते. त्यानंतरची दहा-बारा वर्षे इंदीवर यांना आपले स्थान टिकवण्यासाठी झगडावे लागले. १९६३ च्या ‘पारसमणी’त अनेक गीतकारांपैकी एक म्हणून त्यांचे नाव दिसते. पुढे कल्याणजी-आनंदजी यांच्याशी जोडी जमली. १९६७ चा ‘उपकार’, १९६८ चा ‘सरस्वतीचंद्र’, १९७० चे ‘सफर’ आणि ‘पूरब और पश्चिम’ या चित्रपटांतील त्यांच्या गीतांत संस्कृतनिष्ठ हिंदी आणि बोलीतला साधेपणा यांचा मेळ आढळतो. ‘सरस्वतीचंद्र’ हा गोवर्धनराम त्रिपाठी यांच्या गुजराती कादंबरीवरील चित्रपट. त्याच्या संगीतासाठी कल्याणजी-आनंदजींना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. ‘अमानुष’मधील गीतासाठी इंदीवर यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

१९८० च्या ‘कुर्बानी’ने या कारकीर्दीला नवे वळण दिले. बंगळूरहून इंग्लंडला जाऊन तेथील पॉप संगीतात यशस्वी झालेल्या बिद्दू या संगीतकाराने त्या चित्रपटासाठी एका गाण्याला चाल दिली. ध्वनिमुद्रण लंडनमध्ये झाले आणि ते गायले नाझिया हसन या पंधरा वर्षांच्या पाकिस्तानी वंशाच्या मुलीने. शब्द इंदीवर यांचे. देशात डिस्को संगीताची जी लाट उसळली, तिचा उगम या गाण्यात शोधला जातो. त्यानंतर ‘हिम्मतवाला’ (१९८३) आणि ‘तोहफा’ (१९८४) यांसारख्या, दक्षिणेतील निर्मात्यांनी झपाट्याने काढलेल्या हिंदी चित्रपटांसाठी इंदीवर यांनी बप्पी लाहिरी यांच्या चालींवर गीते लिहिली. चाल आधी तयार व्हायची. तिच्या मापात शब्द बसवून देणे एवढेच काम गीतकाराकडे उरायचे. अखेरच्या काळातील ‘करण अर्जुन’ (१९९५) आणि ‘कोयला’ (१९९७) यांची गीतेही त्यांचीच आहेत.

दोन सोयीस्कर निवाडे

या वळणावर दोन प्रकारचे निवाडे दिले जातात. अभिरुचिसंपन्न म्हणवणारे टीकाकार म्हणतात की, ‘सरस्वतीचंद्र’चा कवी पैशाच्या मोहाने घसरला. बाजारपेठेचे समर्थक म्हणतात की, लोकांना जे हवे होते तेच त्याने दिले. वरवर हे निवाडे परस्परविरोधी दिसतात, परंतु दोघेही एकाच गोष्टीकडे डोळेझाक करतात. गीत कोणत्या परिस्थितीत, कोणाच्या हुकुमावरून आणि कोणत्या कराराखाली निर्माण होते, हे दोघेही पाहत नाहीत.

मार्क्सने ‘अतिरिक्त मूल्याचे सिद्धांत’ या ग्रंथात हा विषय नेमका मांडला आहे. मिल्टनने महाकाव्य रचले ते रेशमाचा किडा रेशीम निर्माण करतो त्या न्यायाने, आपल्या प्रकृतीचा आविष्कार म्हणून. त्याच्या हाती पाच पौंड पडले. परंतु गाणारी गायिका जेव्हा एखाद्या उद्योजकाच्या नोकरीत, त्याला नफा मिळवून देण्यासाठी गाते, तेव्हा तिचे श्रम भांडवल निर्माण करणारे श्रम ठरतात. गाणे तेच असते, गळाही तोच असतो. बदलतो तो श्रम आणि भांडवल यांच्यातील संबंध. बरुआ सागरचा कवी मुंबईत आला तेव्हा त्याच्याही बाबतीत हेच घडले. स्वतःच्या अंतःप्रेरणेने लिहिण्याऐवजी तो मागणीनुसार शब्द पुरवणारा कारागीर झाला. त्याच्यावर लादलेला वेग, चालीचे माप, पुन्हा पुन्हा तेच शब्द वापरण्याची सक्ती हे सारे या संबंधातून आले. कारखान्यात साच्यामागे उभ्या असलेल्या विणकराला कापडाच्या नक्षीबद्दल दोष देण्यात जितका अर्थ, तितकाच गीतकाराला डिस्कोबद्दल दोष देण्यात आहे.

याचा अर्थ कलावंताला कोणतीच जबाबदारी नाही, असा मात्र नव्हे. त्याच मुंबईत शैलेंद्र माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काम करीत इप्टाच्या व्यासपीठावर कविता म्हणत होते. मजरूह सुलतानपुरी सत्ताधाऱ्यांविरुद्ध कविता लिहून तुरुंगात गेले. साहिर लुधियानवी यांनी रेडिओवर गीतकाराचे नावही घेतले जावे, असा आग्रह धरला. या कवींनी बाजाराच्या आत राहूनही आपल्या शब्दाची प्रतिष्ठा राखली. परंतु त्यांच्यामागे एक चळवळ उभी होती, हे विसरता येणार नाही. ती चळवळ ओसरली तेव्हा प्रत्येक गीतकार निर्मात्यापुढे एकटा उभा राहिला.

कंपनीच्या खुर्चीत बसलेला कलावंत

निर्मात्याच्या मागे आणखी एक शक्ती उभी असते, ती म्हणजे ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी. कलावंत स्वतःच कंपनीत अधिकारी झाला, तर प्रश्न सुटेल काय? याचे उत्तर मराठी संगीताच्या इतिहासातच सापडते. जी. एन. जोशी हे वकिलीचे शिक्षण घेतलेले गायक. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता त्यांनी १९३० च्या दशकाच्या प्रारंभी गाऊन ध्वनिमुद्रित केली. मराठी भावगीताच्या युगाचा आरंभ त्या ध्वनिमुद्रिकेपासून मानला जातो. घराघरांत पोहोचलेला हा लोकप्रिय गायक १९३८ मध्ये एचएमव्हीच्या, म्हणजे ग्रामोफोन कंपनीच्या, सेवेत दाखल झाला आणि पुढील तीन दशकांहून अधिक काळ मुंबईत ध्वनिमुद्रणाचा अधिकारी राहिला.

जोशी यांच्या कर्तृत्वाबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. ज्या थोर गायक-वादकांची कला आज ऐकता येते, त्यांतील अनेकांना ध्वनिमुद्रणासाठी राजी करण्याचे श्रेय त्यांचे आहे. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा या तरुण वादकांना एकत्र आणून १९६७ मध्ये काढलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका त्यांच्याच देखरेखीखाली झाली. ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे त्यांचे आठवणींचे पुस्तक संगीताच्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडते. कलेची जाण असलेला माणूस अधिकाराच्या जागी असला की कलावंताला आदर मिळतो, चांगली निर्मिती होते, हे त्यांच्या कारकीर्दीने सिद्ध केले.

परंतु त्याच कारकीर्दीने अधिकाऱ्याच्या सदिच्छेची मर्यादाही दाखवून दिली. खुर्चीत कोण बसला आहे यावर करारातील वागणूक सौम्य की कठोर हे ठरत असेल, पण मालकी ठरत नाही. ग्रामोफोन कंपनी ही ब्रिटिश भांडवलाची कंपनी होती. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचा आवाज मुद्रित झाला तेव्हापासून हिंदुस्थानातील कलेचा कच्चा माल गोळा करून तो तबकड्यांच्या रूपाने विकणे, हेच तिचे काम होते. डमडमच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या तबकडीवर कुत्र्याचे चित्र ठळक असे. गीतकाराचे नाव असलेच, तर बारीक अक्षरांत. १९८० च्या दशकात ही कंपनी देशी मक्तेदार उद्योगसमूहाच्या हाती आली, आणि गोऱ्या मालकाच्या जागी देशी मालक आला. कलावंताच्या स्थितीत त्यामुळे मूलभूत फरक पडला नाही.

कॅसेटने काय बदलले?

त्याच सुमारास कॅसेटने एचएमव्हीची मक्तेदारी मोडून काढली. दिल्लीच्या दर्यागंजमध्ये फळांच्या रसाचे दुकान असलेल्या कुटुंबातील गुलशन कुमार यांनी १९८३ मध्ये सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीज ही कंपनी स्थापन केली, आणि ‘टी-सीरिज’ हे नाव काही वर्षांत देशभर पसरले. कितीतरी स्वस्त कॅसेट, पानाच्या टपरीपासून किराणा दुकानापर्यंत विक्री, भक्तिगीते आणि प्रादेशिक भाषांतील गाणी ही त्यांच्या धंद्याची सूत्रे. जे गाणे ऐकण्यासाठी पूर्वी ग्रामोफोन परवडणाऱ्या घराच्या खिडकीखाली उभे राहावे लागे, ते शेतमजुराच्या झोपडीत वाजू लागले. बुंदेली, भोजपुरी आणि मराठी लोकगायकांचा आवाज प्रथमच बाजारात आला. या बदलात लोकशाहीचा एक अंश होता, हे मान्य करायला हवे.

परंतु या यशाच्या पायाशी काय होते? जुन्या लोकप्रिय गाण्यांची दुसऱ्या गायकांकडून गाऊन घेतलेली ‘कव्हर व्हर्जन’ ही या धंद्याची एक मोठी शाखा होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील एका कलमाने ठरावीक मुदतीनंतर, सूचना देऊन आणि ठरलेली रक्कम भरून असे पुनर्मुद्रण करण्याची मुभा दिली होती. ती रक्कम जाई हक्कांच्या मालकाकडे, म्हणजे बहुतेक वेळा निर्मात्याकडे किंवा जुन्या कंपनीकडे. ज्याने शब्द लिहिले तो या व्यवहारात कोठेच नव्हता. दोन भांडवलदारांच्या भांडणात आणि तडजोडीत गीतकार हा केवळ भांडणाचा विषय राहिला, पक्षकार झाला नाही. गुलशन कुमार यांची १२ ऑगस्ट १९९७ रोजी मुंबईत अंधेरी येथे भरदिवसा गोळ्या झाडून हत्या झाली. या उद्योगात किती पैसा खेळत होता आणि त्यावर कोणाकोणाचे डोळे लागले होते, हे त्या रक्तपाताने जगाला दिसले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत इंदीवर गेले होते.

कायद्याने कोणाची बाजू घेतली?

हे सारे कायद्याच्या आधाराने चालले होते. १९६९ मध्ये गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था स्थापन झाली. गाणे सार्वजनिक ठिकाणी वाजवले गेले, तर त्याच्या रचनाकारांना मोबदला मिळावा, अशी तिची मागणी. चित्रपटनिर्माते आणि चित्रगृहांचे मालक तात्काळ विरोधात उभे राहिले. कॉपीराइट मंडळाने रचनाकारांच्या बाजूने कौल दिला, कलकत्ता उच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्यांचा पक्ष उचलून धरला. मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत लिहून घेतले की, उलट करार नसल्यास निर्माताच त्याचा पहिला मालक, असा त्या निकालाचा आशय होता.

त्या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र पुस्ती जोडली. गाण्याला प्राण देणाऱ्या गायकाला कायद्यात काहीच स्थान नाही, या अन्यायाकडे त्यांनी संसदेचे लक्ष वेधले. केरळमधील पहिल्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात मंत्री राहिलेल्या या न्यायाधीशाला कायद्याच्या मर्यादेत राहून एवढेच करता आले. कायदा बदलायला पुढे पस्तीस वर्षे लागली. या पस्तीस वर्षांत इंदीवर यांच्या कारकीर्दीचा सर्वांत भरभराटीचा काळ आला आणि संपला.

‘उलट करार नसल्यास’ या शब्दांवर निर्माते मोठा भर देतात. करार स्वेच्छेने होतो, असे ते म्हणतात. काम हवे असलेला कवी आणि काम देणारा भांडवलदार टेबलाच्या दोन बाजूंना बसतात, तेव्हा ती स्वेच्छा कसली असते, हे गिरणीच्या फाटकावर बदलीच्या कामासाठी उभ्या राहिलेल्या प्रत्येक कामगाराला ठाऊक आहे.

२०१२ चा विजय आणि त्याच्या मर्यादा

मे २०१२ मध्ये संसदेने कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली. राज्यसभेचे तत्कालीन सदस्य जावेद अख्तर यांनी तिच्यासाठी पुढाकार घेतला आणि त्यापायी निर्मात्यांचा रोषही ओढवून घेतला. या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज गाण्याचा अन्य प्रकारे वापर झाला, तर त्याच्या मानधनात गीतकार आणि संगीतकार यांचा समान वाटा राहतो. महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा वाटा त्यांना करार करूनही सोडून देता येत नाही. वारसाकडे किंवा त्यांच्या हक्कसंस्थेकडेच तो सोपवता येतो. किमान वेतनापेक्षा कमी पगारावर काम करण्यास कामगार ‘राजी’ असला तरी कायदा ती संमती मानत नाही. तेच तत्त्व येथे प्रथमच लेखणीच्या श्रमाला लागू झाले. २०१७ मध्ये रचनाकारांच्या संस्थेची नव्या कायद्याखाली पुन्हा नोंदणी झाली.

हा विजय लहान नाही, पण तो पुरेसाही नाही. खासगी रेडिओ केंद्रांनी या तरतुदीला न्यायालयात आव्हान देऊन वर्षानुवर्षे लढत दिली. हक्काच्या रकमेसाठी रचनाकारांच्या संस्थेला २०२३ पर्यंत मुंबई उच्च न्यायालयात झगडावे लागले. गाणे आता तबकडीवर किंवा कॅसेटवर राहिलेले नाही. ते मोबाइलवर येते, आणि त्याचा हिशेब परदेशी कंपन्यांच्या यंत्रांत बंद असतो. एक गाणे किती वेळा वाजले आणि त्यातून किती उत्पन्न झाले, हे कंपनी सांगेल तेच खरे मानण्याची पाळी गीतकारावर येते. टी-सीरिजची यूट्यूब वाहिनी २०१९ मध्ये सदस्यसंख्येत जगात पहिली ठरली, याचा वृत्तपत्रांनी राष्ट्रीय अभिमानाचा विषय केला. त्या वाहिनीवरच्या गाण्यांचे शब्द लिहिणाऱ्यांच्या पदरात काय पडते, याची चौकशी करावी असे फार थोड्यांना वाटले.

साहित्यकृतीचा स्वामित्वहक्क लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे इंदीवर यांच्या शब्दांतून २०५७ च्या अखेरीपर्यंत उत्पन्न होत राहील. ते कोणाच्या तिजोरीत जायचे, हा प्रश्न म्हणूनच भूतकाळाचा नाही.

चळवळीपुढील काम

येथे आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून गाणे गिरण्यांच्या चाळींत आणि शेतकऱ्यांच्या परिषदांत नेले. डाव्या चळवळीने आपल्या शाहिरांवर प्रेम केले, त्यांच्या नावाचा जयजयकार केला. परंतु गाणे रचणे हे श्रम आहेत आणि त्या श्रमांना संघटनेची गरज आहे, हा विचार पुरेशा आग्रहाने मांडला गेला नाही. अण्णा भाऊ १९६९ मध्ये दारिद्र्यात गेले. त्यांच्या शब्दांवर नंतर किती कॅसेटी निघाल्या, याचा हिशेब त्यांच्या घरापर्यंत पोहोचला नाही. गायकांमध्येही फूट पडली. १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी मानधनातील कायम वाट्याची मागणी केली तेव्हा मोहम्मद रफी यांनी त्याविरुद्ध मत दिले, आणि दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. रफींच्या औदार्याची कथा म्हणून हा प्रसंग रंगवला जातो. त्या औदार्याचा लाभ मात्र निर्मात्यांच्या तिजोरीला झाला.

कंपन्यांचा शेवटचा युक्तिवाद असा की, रचनाकारांना वाटा द्यायचा तर गाणे महाग होईल आणि सामान्य माणूस त्याला मुकेल. याला कायद्यातच उत्तर आहे. धार्मिक समारंभात, लग्नात आणि लग्नाच्या वरातीत वाजवलेल्या गाण्याने स्वामित्वहक्काचा भंग होत नाही, असे तो स्पष्ट सांगतो. दतिया गेटजवळच्या बँडवाल्याने इंदीवर यांचे गाणे वाजवले, तर तो कोणाचा देणेकरी होत नाही. तोही हंगामी मजूर आहे. लग्नसराई संपली की त्याची तुतारी खुंटीवर टांगली जाते. गीतकार आणि बँडवाला यांचे हितसंबंध एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. विरोध आहे तो या दोघांच्या श्रमांवर जाहिराती विकणाऱ्या भांडवलाशी.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. गाण्याच्या वापराचा आणि उत्पन्नाचा हिशेब कंपन्यांनी रचनाकारांच्या संस्थेपुढे खुला करावा. २०१२ पूर्वीच्या करारांखाली दबलेल्या जुन्या गीतकारांच्या आणि त्यांच्या वारसांच्या वाट्याबद्दल संसदेने निःसंदिग्ध तरतूद करावी. वादकांना आणि लोकगायकांना, ज्यांचा कोणत्याही करारात उल्लेख नसतो, सामाजिक सुरक्षेच्या कक्षेत आणावे. प्रत्येक माध्यमाने गाण्याबरोबर गीतकाराचे नाव सांगावे. साहिर यांनी रेडिओकडे हेच मागितले होते. आज पडद्यावर जागेची कमतरता नाही, तरी ते नाव गाळले जाते.

या मागण्या एकेकट्या कवीच्या विनंतीने मान्य होणार नाहीत. कंपनीच्या खुर्चीत एखादा सहृदय कलावंत बसला म्हणूनही होणार नाहीत. रचनाकार, गायक, वादक आणि तंत्रज्ञ हे एका उद्योगातील कामगार म्हणून संघटित झाले आणि कामगार चळवळीने त्यांना आपले मानले, तरच त्या मान्य होतील. गोडसे भटजी मिळवलेली दक्षिणा वाटेत लुटली जाऊन घरी परतले. त्यांच्याबरोबर गंगेची कावड आणि आठवणी तेवढ्या आल्या. शब्दावर जगणाऱ्या माणसाने आयुष्यभराच्या श्रमानंतर केवळ आठवणी घेऊन परतावे, ही स्थिती बदलण्याचे काम आता संघटनेचे आहे.